मुदतीच्या आत : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे परदेशातील शिक्षण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास :
- डॉ. आंबेडकर यांच्या परदेशातील उच्च शिक्षणाचे टप्पे क्रमाने सांगता येतील.
- त्या शिक्षणासाठी पैसा कोणकोणत्या मार्गांनी आणि कोणत्या अटींवर उभा राहिला, हे स्पष्ट करता येईल.
- शिष्यवृत्ती, करार, कर्ज आणि स्वतःची बचत यांतील फरक एका चरित्राच्या आधारे विशद करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची यादी आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. शाळेच्या भिंतीवर, जयंतीच्या फलकावर, ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ती आपण वाचलेली असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. या पदव्या एका ओळीत मांडल्या की त्या एकापाठोपाठ एक सहज मिळाल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या परदेशगमनापासून अखेरची पदवी हाती येईपर्यंत चौदा वर्षे गेली. मध्यंतरी शिक्षण तीन वर्षे खंडित झाले होते आणि एकदा तर सादर केलेला प्रबंध परत आला होता.

प्रस्तुत घटकात आपण बाबासाहेबांचे समग्र चरित्र अभ्यासणार नाही. त्यांच्या परदेशातील शिक्षणाचा खर्च कसा भागला, एवढाच प्रश्न आपण हाती घेणार आहोत. हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल; परंतु ज्यांच्या घरात शिक्षणासाठी पैसा नसतो, त्यांच्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न असतो. नोकरी व संसार सांभाळून शिकणाऱ्या आपणास हे वेगळे सांगावयास नको.

२. पहिली मदत : दरमहा पंचवीस रुपये

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब पुढे मुंबईत परळ भागातील एका चाळीत राहू लागले. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या त्या घरात पुस्तकांसाठी वेगळा पैसा नव्हता. मुलाला एखादे पुस्तक हवे असले की रामजी आपल्या विवाहित मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पुस्तक विकत घेत. भीमरावांच्या शिक्षणाला मिळालेली पहिली मदत ही अशी बहिणींच्या दागिन्यांची होती, हे आपण ध्यानात ठेवावे.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाचे हे यश असाधारण होते. म्हणून त्यांच्या सत्काराची सभा भरली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक व चरित्रकार त्या सभेत होते. आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी भीमरावांना भेट दिले. केळुसकर एवढ्यावर थांबले नाहीत. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पैशाअभावी अडू लागले, तेव्हा त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी भीमरावांची भेट घेतली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन भीमराव बी.ए. झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शिष्यवृत्ती देणारा आणि ती घेण्यास पात्र असणारा, या दोघांची गाठ आपोआप पडत नाही. त्यांच्यामध्ये केळुसकरांसारखा कोणी तरी लागतो, ज्याला विद्यार्थ्याची योग्यता ठाऊक असते आणि दरवाजा कोठे आहे हेही ठाऊक असते.

३. बडोद्याचा करार

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदारांचे निधन झाले. घरात पत्नी रमाबाई व जेमतेम दोन महिन्यांचा मुलगा यशवंत होता. अशा वेळी मिळाली ती नोकरी धरून राहावे, असे कोणासही वाटले असते.

त्याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याच्या विचारात होते. भीमरावांनी मुंबईत महाराजांची भेट घेतली व त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोदे येथे करारनाम्यावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्या बदल्यात विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावयाची.

या अटी पुन्हा एकदा वाचा. तीन वर्षांच्या मदतीपोटी बावीस वर्षांच्या तरुणाने पुढच्या दहा वर्षांचे वचन दिले होते. हे सावकारी कर्ज नव्हते, तसे ते निव्वळ दानही नव्हते. संस्थानाला शिकलेले अधिकारी हवे होते आणि भीमरावांना शिक्षण हवे होते. दोन्ही बाजूंच्या गरजा जेथे मिळत होत्या, तेथे करार झाला. आजच्या अनेक शिष्यवृत्त्यांमागे हेच तत्त्व आढळते. म्हणूनच रकमेइतकेच लक्ष अटींकडे आणि मुदतीकडे देणे आवश्यक ठरते.

४. न्यूयॉर्कमधील तीन वर्षे

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे त्यांच्या खोलीत नवल भथेना नावाचा एक पारशी विद्यार्थी राहत असे. या मैत्रीने पुढे कोणते वळण घेतले, ते आपण यथावकाश पाहू.

साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कमधील खर्च भागवून त्यातूनच मुंबईस घरखर्चासाठी पैसे पाठवावयाचे होते. साहजिकच जेवण बेताचे झाले. कॉफी, दोन मफिन आणि मांस किंवा मासे यांची एक बशी, एवढ्यावर भूक भागविली जाई. सहाध्यायी ज्या करमणुकींवर पैसे खर्च करीत, त्या भीमरावांनी वर्ज्य केल्या. जुन्या पुस्तकांची दुकाने मात्र त्यांना वर्ज्य करता आली नाहीत. न्यूयॉर्क सोडताना त्यांच्यापाशी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमली होती.

पैशापेक्षाही कठोर बंधन काळाचे होते. तीन वर्षे संपली की मदत संपणार होती, म्हणून प्रत्येक सत्रात शक्य तितके शिकून घ्यावयाचे, असा त्यांचा क्रम होता. पदवीला आवश्यक तेवढेच अभ्यासक्रम घेऊन ते थांबले नाहीत. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार आणि राज्यशास्त्राचे तीन अभ्यासक्रम त्यांनी तेथे घेतले. फ्रेंच व जर्मन भाषांचेही प्राथमिक शिक्षण घेतले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयीचा त्यांचा प्रबंध तयार झाला.

५. लंडन आणि अपुरी राहिलेली वाट

तीन वर्षांची मुदत संपत आली, तेव्हा भीमरावांनी महाराजांकडे मुदतवाढ मागितली. लंडनमध्ये अर्थशास्त्राचा पुढील अभ्यास आणि कायद्याचे शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा होती. एका वर्षाची वाढ मिळाली. १९१६ च्या मध्यास ते लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी प्रवेश घेतला आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन या संस्थेतही नाव नोंदविले.

एक वर्ष पाहता पाहता सरले. मुदत संपली, शिष्यवृत्ती थांबली आणि करारानुसार बडोद्यास हजर होणे भाग पडले. डी.एस्सी.चा अभ्यास अर्ध्यावर होता, बॅरिस्टरीचा तर नुकताच आरंभ झाला होता.

या क्षणी त्यांनी जे केले, त्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे. निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी मिळविली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास जेथे सोडला तेथून पुढे चालविता येईल, अशी ती परवानगी होती. हातात पैसा नव्हता आणि परत येण्याची कोणतीही हमी नव्हती. तरीही परतीची वाट कागदोपत्री मोकळी ठेवली गेली. शिक्षण सोडणे आणि शिक्षण स्थगित ठेवणे यांत फरक आहे. तो फरक एका अर्जाने पडतो.

पहिले महायुद्ध त्या वेळी ऐन भरात होते. भीमराव एका बोटीने निघाले आणि त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने. सामानाची बोट शत्रूच्या पाणतीराने बुडाली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस सुखरूप उतरले.

६. कराराची दुसरी बाजू

आता करारातील आपला शब्द पाळण्याची वेळ आली. बडोद्यास जाण्यासाठीही पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाची सहाशे रुपये भरपाई थॉमस कुक कंपनीकडून मिळाली. त्यातील काही घरी देऊन उरलेल्या पैशांत त्यांनी बडोदे गाठले.

कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेल्या या अधिकाऱ्याला बडोद्यात राहावयास जागा मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. अखेर एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून त्यांनी आसरा घेतला. कचेरीत शिपाई विटाळाच्या भीतीने कागदपत्रे लांबूनच टेबलावर टाकीत. पिण्याचे पाणी मिळत नसे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारश्यांच्या जमावाने त्यांना विश्रामगृहात गाठले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. त्यांनी एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे आश्रय मागितला. दोघांनीही आपापल्या अडचणी पुढे केल्या. मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांना बडोद्याच्या सार्वजनिक बागेत काढावा लागला.

मित्रहो, करारातील अटी आपण मागे पाहिल्या. दहा वर्षे नोकरी करण्याचे कलम त्यात होते. त्या दहा वर्षांत राहावयास घर आणि प्यावयास पाणी मिळेल, असे कलम त्यात नव्हते. ते लिहावे लागेल, असे करार करणाऱ्या कोणाच्याही मनात आले नसेल. संस्थानाने विद्वत्तेसाठी पैसा दिला होता आणि ती विद्वत्ता परतही आली होती. ती सामावून घेण्यास मात्र तेथील समाज तयार नव्हता. करार मोडला तो या ठिकाणी. शिष्यवृत्तीमुळे माणसाला विद्यापीठाचा दरवाजा उघडता येतो. परतल्यावर गावाचा दरवाजा उघडतोच असे नाही, हा या चरित्रातील सर्वांत कडू धडा आहे.

७. स्वतःच्या कमाईतून

मुंबईस परतल्यावर भीमरावांनी शिकवण्या केल्या. गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसायही काढला. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची तात्पुरती नेमणूक झाली. वेतन दरमहा साडेचारशे रुपये होते.

त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. कुटुंबाला आता सुखाचे दिवस येतील, अशी अपेक्षा कोणीही केली असती. पण लंडन विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत सरत होती. प्राध्यापक आंबेडकर चाळीतच राहिले. वेतनातील ठरावीक रक्कम घरखर्चासाठी रमाबाईंच्या हाती येई आणि उरलेली लंडनसाठी बाजूस पडे. रमाबाई तेवढ्यात संसार चालवीत. शिष्यवृत्तीच्या कोणत्याही करारनाम्यावर रमाबाईंची सही नाही; तरीही त्या शिक्षणाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत त्यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल.

बचत पुरेशी नव्हती. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी या तरुणाचे मोल जाणले होते. जानेवारी १९२० मध्ये सुरू झालेल्या मूकनायक पत्रास त्यांचे साहाय्य झाले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगाव येथील परिषदेतही ते उपस्थित होते. लंडनच्या शिक्षणासाठीही त्यांनी मदत केली. न्यूयॉर्कमधील जुने स्नेही नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. बचत, मदत आणि कर्ज अशी तीन टोके जुळली. जुलै १९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले. विद्यापीठाने दिलेली मुदत अजून सव्वा वर्ष शिल्लक होती.

८. प्रबंध परत येतो

या वेळी पाठीशी संस्थान नव्हते. मुदतवाढ मागावयाची तर ती कोणाकडे, हा प्रश्नच होता. दिवसाचा बहुतेक वेळ ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात आणि लंडनमधील इतर ग्रंथालयांत जाई. दुपारच्या जेवणाला पैसा आणि वेळ दोन्ही नसत. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळाली. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी सादर केला. त्याच वर्षी मे महिन्यात शाहू महाराजांचे निधन झाले. ज्यांनी मदत केली, त्यांना ही पदवी पाहता आली नाही.

१९२३ च्या आरंभी परीक्षकांनी प्रबंध सुधारण्यासाठी परत केला. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावरील त्यातील टीका त्यांना फार कठोर वाटली होती. लंडनमध्ये राहून सुधारणा करावी, एवढा पैसा आता उरला नव्हता. एप्रिल १९२३ मध्ये आंबेडकर मुंबईस परतले. येथे बसून त्यांनी प्रबंधाची फेरमांडणी केली व तो टपालाने लंडनला पाठविला. निष्कर्ष तेच ठेवले. १९२३ अखेर प्रबंध मान्य झाला आणि डी.एस्सी. पदवी मिळाली. दूरस्थ शिक्षण घेणाऱ्या आपण सर्वांनी या प्रसंगाची नोंद घ्यावी. एवढ्या मोठ्या पदवीची अखेरची मजल मुंबईतील घरी बसून, टपालाच्या आधारे गाठली गेली.

कोलंबियाची पीएच.डी. अद्याप बाकी होती. पदवीसाठी छापील प्रबंधाच्या प्रती विद्यापीठास सादर करणे आवश्यक होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये ती पदवी त्यांना मिळाली. हा ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे. बडोद्याच्या त्या बागेतील संध्याकाळ ते विसरले नव्हते, तसेच आपल्या शिक्षणाला मिळालेले साहाय्यही विसरले नव्हते. शहराने केलेला अपमान आणि महाराजांचे उपकार, यांचे हिशेब त्यांनी वेगवेगळे ठेवले.

९. घेतलेले परत करणे

दहा वर्षांची चाकरी बडोद्यात झाली नाही. परंतु मिळालेल्या मदतीची फेड त्यांनी वेगळ्या रीतीने आणि फार मोठ्या प्रमाणावर केली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरवर्षी तीन लाख रुपयांची तरतूद त्यांनी सरकारकडून करवून घेतली. त्यातून काही विद्यार्थी परदेशीही गेले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले.

यातील बदल ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांच्या स्वतःच्या वेळी मदत एका महाराजांच्या मर्जीवर आणि एका केळुसकरांच्या शब्दावर अवलंबून होती. पुढच्या पिढीसाठी ती सरकारी अंदाजपत्रकातील तरतूद झाली. मर्जीचे रूपांतर हक्कात झाले. आज केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीला तर राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. या योजनांची माहितीपत्रके हाती घेताना त्यांच्यामागे हा इतिहास उभा आहे, याची जाणीव आपण ठेवावी.

१०. समारोप

डॉ. आंबेडकर यांचे परदेशातील शिक्षण कोणत्याही एका शिष्यवृत्तीने पुरे झाले नाही. बहिणींचे दागिने, महाराजांचे पंचवीस रुपये, करारातील साडेअकरा पौंड, एका वर्षाची मुदतवाढ, स्वतःच्या वेतनातील बचत, शाहू महाराजांची मदत, मित्राचे कर्ज आणि रमाबाईंची काटकसर, असे अनेक तुकडे जोडून ती वाट तयार झाली. एक तुकडा संपला की दुसरा मिळेपर्यंत थांबावे लागले. मात्र प्रत्येक वेळी थांबताना पुन्हा सुरुवात करण्याची सोय त्यांनी करून ठेवली होती.

आपणांपैकी अनेकांचे शिक्षण मध्येच थांबले असेल आणि पुष्कळ वर्षांनी ते या विद्यापीठात पुन्हा सुरू झाले असेल. खंड पडला म्हणजे शिक्षण संपले असे नव्हे. मुदत किती उरली आहे हे पाहावे आणि त्या मुदतीच्या आत परत यावे, एवढे हे चरित्र आपणास सांगते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ४ जून १९१३ च्या करारातील मुख्य अटी कोणत्या होत्या? त्यांपैकी कोणती अट पाळता आली नाही व का, ते लिहा.

२. १९१७ मध्ये लंडन सोडण्यापूर्वी आंबेडकरांनी मिळविलेल्या परवानगीचे महत्त्व स्पष्ट करा.

३. १९१३ आणि १९२० या दोन परदेशगमनांच्या वेळी पैसा कोणत्या मार्गांनी उभा राहिला, याची तुलना करा.

४. आपल्या परिसरातील परिस्थितीने गरीब असूनही उच्च शिक्षण घेतलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. त्यांच्या शिक्षणाचा खर्च कोणकोणत्या मार्गांनी भागला, याविषयी सुमारे दोनशे शब्दांत टिपण लिहा.